पाच सणांवर एक पंखा

तीर्थस्वरूप मामा यांच्या उजव्या पायाशी (डाव्याचा गुडघा सुजलाय, असं मामीने कळवलंय) साष्टांग नमस्कार. सूज उतरली असेल अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे, आणि हे पत्र वाचून तुम्हीही उठून बसाल.

जाताना तुम्ही म्हणाला होतात, एक मोठं काम तडीस नेऊन दाखव, मेणबत्त्यांचा कारखाना तुझ्या नावावर करतो. नाहीतर टाळं लावतो. मामा, टाळं राहू द्या! ग्रंथालयाने 'जगातले सण' असं प्रदर्शन भरवलं, त्याच्या झाडून सगळ्या मेणबत्त्या आपल्या. टेबलं पाच: नाताळ, ज्यूंचा हनुक्का, पारशांचं नवरोज, बुद्धपौर्णिमा आणि दिवाळी. (दिवाळीवाल्या काकू पणत्यांसाठी अडून बसल्या होत्या, पण गालिच्यावर तेल नको म्हणून त्याही मेणावर आल्या.) पाहुणे आले, सगळं उजळलं, आणि पाहुण्यांना घाम फुटला म्हणून शिपायाने भलामोठा पंखा लावला, तोही शेवटच्या आकड्यावर. फटक्यात पाचही सण विझले. माझ्या डोळ्यांपुढे टाळं दिसायला लागलं. ग्रंथपालबाईंनी (सगळे त्यांना शांतताबाई म्हणतात, कारण दुसरं काही त्या बोलतच नाहीत) माझ्याकडे जे पाहिलं, तसं त्या पानं फाडणाऱ्याकडेही पाहत नसतील. शिपायाने जीभ चावून पंखा बंद केला. आणि मामा, हनुक्काची एक मेणबत्ती आपली आपण पेटली! मग नाताळची, मग नवरोजच्या आरशापुढची, मग सगळ्याच. टाळ्यांचा नुसता कडकडाट! शांतताबाई चक्क ओरडल्या.

विझवताना मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पाद्रीबाबांनी फुंकर मारली, विझली, पेटली. गाल फुगवून पुन्हा मारली, पुन्हा तेच. नवरोजवाले आजोबा म्हणाले, "आम्ही अग्नीला फुंकत नाही, आणि तो तुम्हालाही जुमानत नाहीये." हनुक्कावाल्या बाई निवांत होत्या, त्यांच्यात ती संपेपर्यंत जळूच द्यायची असते. काकू पदराने वारा घालत होत्या. भिक्खू हसून हसून खाली बसले. शेवटी मी पुढे झालो, बोटं ओली केली आणि तुम्ही शिकवलंत तशी एकेक वात चिमटली. तीन फोड आले, पण पाची टेबलांनी माझी पाठ थोपटली. तुम्ही हवे होतात, मामा; फार वाटलं. पुढच्या वर्षीचं कामही तिथल्या तिथे आपल्यालाच मिळालं.

मामीला नमस्कार.

तुमचा (आता कर्तबगार) भाचा

ता. क. वाती वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या रिळातल्या होत्या, त्या फुंकलं की पुन्हा पेटणाऱ्या. रिळावरची तुमची चिठ्ठी मी वाचली नव्हती.

आणखी ता. क. म्हणजे साध्या वाती वाढदिवसाच्या चाळीस डब्यांत गेल्या. डब्यावर पत्ता तुमच्या घरचा आहे, तेव्हा पत्रं तिकडेच येतील. सगळ्यांची तक्रार एकच असेल: मेणबत्ती विझते. ती पत्रं पोचायच्या आत सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी.