आवारातला किनारा

२४ सप्टें.
रेणुकाला आज विभागात सगळ्यांसमोर झापलं. माझ्या हाताखाली पीएच.डी. करतेय, प्रबंध तोंडावर आलाय, आणि नकाशात समुद्राचा किनारा अजून उत्तर-दक्षिणच! शहाबादी दगडावरच्या वळ्या म्हणजे त्या जुन्या उथळ समुद्राच्या लाटांचे ठसे. वळ्या ज्या दिशेला लांबलेल्या, किनारा साधारण त्याच दिशेला. खाणीच्या आवारातल्या उघड्या खडकावर मी स्वतः मोजल्यात. सगळ्या पूर्व-पश्चिम, एकही वाकडी नाही. ही म्हणते, "मॅडम, खाली खड्ड्यात उत्तर-दक्षिणच यायलंय." म्हटलं, होकायंत्राला मोबाईल चिकटवून धरला असशील. पोरं हसली. तीही हसली थोडी, मग डोळे पुसत गेली. संशोधन करायचं तर कातडी जाड हवी.

२६ सप्टें.
रे. रजा टाकून आळंदला घरी गेली. बरं झालं, डोकं थंड होईल. कमलनगरहून आईचा फोन: "त्या लेकराला कामून रडवलीस?" हिला कोण सांगतं देव जाणे. मीच सांगितलं होतं. फुशारकीने.

१ ऑक्टो. खंडेनवमी
खाणमालकांकडे पूजेला गेले. यंत्रांना झेंडू, दारात फोडलेला कोहळा. आवारही पाइपने धुतलेलं. माझी मोजमापाची जागा पहिल्यांदाच धुळीशिवाय दिसली.

दगडादगडांमध्ये सिमेंट.

खडक नव्हताच तो. फरसबंदी! विचारलं तर मालक प्रसाद देता देता म्हणाले, "ट्रकचं चाक घसरू न्हाई म्हून वळ्या आडव्याच लावून घेतल्या." म्हणजे माझा किनारा गवंड्याने लावलेला. सगळ्या वळ्या एकाच दिशेला म्हणून मी किती खूश होते! समुद्र एवढा शिस्तीचा कसा, हे पहिल्या वर्षाच्या पोरानेही विचारलं असतं.

साडी खोचून खड्ड्यात उतरले. जागच्या थरावर होकायंत्र ठेवलं. उ.-द. पलीकडच्या भिंतीपाशी, तिथेही उ.-द. सगळीकडे रे.चंच खरं.

२ ऑक्टो. दसरा
दिवसभर माणसं. सोनं म्हणून बन्नीची पानं देतात, पाया पडतात, मी तोंड भरून आशीर्वाद देते. रे.चा मेसेज आला, उत्तर दिलं नाही. मनात मजकूर जुळवतेय: "काही नवीन निरीक्षणे हाती आली आहेत..." निरीक्षणे म्हणे! "मी चुकले" एवढं लिहायला हात धजत नाही. आणि काळजी कसली, तर विभागात तोंड कसं दाखवू याची. तिची आठवण त्यानंतर. याचीच जास्त लाज वाटते.

३ ऑक्टो.
शेवटी फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तीच: "माफ करा मॅडम. सोमवारी परत खाणीवर जाऊन आले. खड्ड्यात सगळं नव्यानं मोजलं. तुमचंच बरोबर हाय, पूर्व-पश्चिम. मोबाईलच होता बघा जवळ." नकाशा बदलला म्हणे, प्रबंध बांधायला टाकलाय. आवाज इतका मोकळा, हसरा.

परवाच मी त्या खड्ड्यात उभी होते. पूर्व-पश्चिम एकही वळी नाही तिथे.

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. शी. हे मी शिकवलं तिला.

४ ऑक्टो. आळंद
येते म्हणून कळवलं होतं; स्टँडवर रे. आणि तिचे वडील न्यायला आले होते. ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही रागावलात म्हून पोरगी मार्गाला लागली, मॅडम." मी मान खाली घालून चालत राहिले. जेवण झालं. बांधून आलेला प्रबंध तिने पुढे ठेवला, मी सही केली नाही. वडील पान आणायला गेले तेव्हा विचारलं, "रेणुका, खरं सांग. सोमवारी खड्ड्यात काय आलं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "तुम्हाला काय आलं, मॅडम?"