मळीच्या पाण्यातले रोहू

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज विचारावं असं दुसरं कुणी डोळ्यांपुढं येत नाही. परंड्याच्या शाळेत तुम्ही सूक्ष्मदर्शकातून ताकाचा थेंब दाखवला होता. त्यातल्या बारीक काड्या म्हणजे जंतू, हे कळताच मी डब्यातलं ताक ओतून दिलं, तेव्हा तुम्ही केवढ्या चिडलात! "सगळेच जंतू वैरी असते, तर तू जिवंत राहिली असतीस का गं?"

आता माझं शेततळं आहे, त्यात रोहू आहेत. मागं वरच्या साखर कारखान्याचं मळीचं पाणी ओढ्याला सुटलं, विहिरीत झिरपलं आणि पंपातून तळ्यात आलं. सकाळी बघते तर मासे तोंडं वर काढून धापा टाकतायत. पाण्यात हवा मिसळायचं यंत्र लावलं, तर वीज गेली. मी आणि मालक कमरेइतक्या पाण्यात उभं राहून घमेल्यांनी पाणी उडवत राहिलो. दुपारपर्यंत काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला.

"जिते हायत तवर टेम्पोत भरू," मालक म्हणाले. "कुर्डूवाडीच्या बाजारात कुणाला काय कळतंय?"

"लोकांच्या लेकरांच्या ताटात जाईल ते."

"आन् आपल्या लेकरांच्या ताटात काय वाढणार हायेस?"

तरी मी टेम्पो बोलावू दिला नाही.

बाई, आता चांगल्या जंतूंची पूड मिळते. गुळाच्या पाण्यात ती फसफसली की माशांच्या खाद्यात कालवायची. ते जंतू माशाच्या आतड्यात वस्ती करतात, मळीतलं थोडं विष स्वतःला चिकटवून बाहेर नेतात म्हणे. थोडंच. वरून रोज नवं येत असेल, तर त्या बिचाऱ्यांनी किती उपसायचं? तरी मी रोज कालवते. उरलेले मासे पुन्हा खाद्याला येऊ लागलेत. आणि ओढा पुन्हा फेसाळलाय. मालक विचारतात, "आता तरी इकायचे का?" मी म्हणते, तपासून घेऊ. पाण्याचा नमुना न्यायला येतो म्हणालेले प्रदूषण मंडळाचे साहेब अजून आलेले नाहीत.

गावात मी छाती ठोकून सांगते, जंतूंनी मासे वाचवले. खरं काय ते मला माहीत नाही. हे लिहून तरी कुठं पाठवणार? तुम्हालाच सांगते, बाई. आज खाद्य टाकताना मासे हाताशी आले, अंगठ्याला तोंड लावू लागले, आणि माझ्या मनात आलं, हेही त्याच दिवशी मेले असते, तर मी सुटले असते.