मधल्या भिंतीची ओल

३ फेब्रु., सोम.
तांदळाचं पोतं सरकवलं तर मागची भिंत ओली. ताटाएवढा डाग. लामता गावाहून आणलेला तांदूळ, खालचे दोन-तीन किलो कुबट झालेले. फेकले. पावसाचे दिवस नाहीत, मग पाणी काहून?
खरं तर वास शुक्रवारपासून येत होता. उठून पाहावं असं वाटलं नाही.

५ फेब्रु., बुध.
ओल वाढली. कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख टाकली. गणित शिकवण्याची सवय. संध्याकाळी दहावीच्या कॉप्या तपासल्या, तेहतीस. नावं वाचली, चेहरा एकीचाही आठवला नाही.
भिंत मधली आहे. म्हणजे दादाने घातलेली. बाबांचं एकच घर होतं. आईची तेरवी झाली अन् आठवड्यात विटा येऊन पडल्या. इकडे मी, तिकडे दादा-वहिनी. त्यांचं दार मागच्या गल्लीत काढलं. गवंडी विटा रचून राह्यले होते तेव्हा दादा म्हणाला, "तुझं लग्न झालं असतं त ही पाळीच नसती आली, सुमे." पुढे नऊ वर्षं कोणीच काही बोललं नाही.

८ फेब्रु., शनि.
रफीक मिस्त्री आला. नळ, बेसिन, मोरी, सगळं पाहिलं. भिंतीवर बोटाने टकटक केली. मग गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली अन् टाकीत पाणी चढवणारा खालचा व्हॉल्व्ह बंद. "कल सुबह तक एक बूंद नहीं निकालना, दीदी." दोन बादल्या भरून ठेवल्या. रात्रीची भांडी तशीच.

९ फेब्रु., रवि.
टाकीतलं पाणी खुणेवर, जराही कमी नाही. भिंतीची ओल मात्र रेघेच्या दोन बोटं बाहेर.
रफीक : "आपकी लाइन साफ है. पानी उधर का है. मैं जाके बोल दूँ?"
म्हटलं, नको.
तो हत्यारं भरत होता. "बीमार आदमी है ना उधर?"
"हौ."
दादाले लकवा मारला हे मले दिवाळीत कळलं. शेजारच्या ठाकरेबाईंनी फाटकातून सांगितलं. मी "बरं" म्हटलं अन् आत येऊन भाजीले फोडणी दिली. जाईन म्हणत होते. मग देवदिवाळी झाली, संक्रांत झाली.
रफीक गेल्यावर भिंतीपाशी पाटावर बसले. अकराच्या सुमारास पलीकडे पाण्याचा आवाज. बादली सरकल्याचा. मग वहिनी : "हात वर करा. हौ, असा. दुसरा मी धरते."
रोज या वेळेले मी शाळेत असते.

१३ फेब्रु., गुरु.
चिठ्ठी लिहिली. "आपल्याकडील पाण्यामुळे आमच्या भिंतीस…" सरकारी पत्रासारखं झालं. फाडली. दुसरी लिहिली, "वहिनी," एवढं लिहून

१६ फेब्रु., रवि.
गेले.
मागच्या गल्लीने दोनशे पावलं असतील. वहिनीने दार उघडलं. केस पार पांढरे. मले वाटलं विचारेल, काहून आल्या. तिने "या बाई" म्हटलं अन् बाजूले झाली. जशी कालच येऊन गेलते.
आईच्या स्वयंपाकघराचा तो अर्धा भाग. दादा तिथंच, मधल्या भिंतीले पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्चीवर. उघडा, मांडीवर टॉवेल. अंगावर साबण. भोवती तीन विटांची पाळ, त्यात तळं साचलेलं. पाणी जायले वाट नाही. जेवढं उपसता येतं तेवढं वहिनी उपसते, बाकीचं भिंतीत.
म्हणजे पाइप फुटलेलाच नव्हता.
वहिनी सांगत होती. मोरी अंगणात, तीन पायऱ्या उतरून. "मले एकटीले त्याईले उतरवता येत नाही. एकदा पडले. तवापासून इथंच." मुलगा पुण्याले, दोनदा येऊन गेला.
दादा माझ्याकडे पाहत होता. ओठाची उजवी कड खाली. "नाही," म्हणाला. "नाही, नाही."
मी वळले तशी वहिनी म्हणाली, "जाऊ नका. तेवढा एकच शब्द राह्यला त्याईच्याजवळ. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही."
मग ती तांब्याने पाणी घालत राहिली अन् मी मान मागून धरली. डोळ्यात साबण जाऊ नये म्हणून. मान जड होती.
मले वाटलं होतं, काहीतरी वाटेल. राग तरी. त्याच्या पायाची नखं फार वाढलेली दिसली, तेवढंच.
भिंतीचा विषय काढला नाही. तिनेच पाहिलं असेल माझं लक्ष. "तुमच्याकडे उतरलं का पाणी?"
"थोडंसं."

१८ फेब्रु., मंगळ.
रफीकले घेऊन गेले. तो म्हणाला, फरशी खोदून नवीन उतार द्यावा लागेल, अन् मधल्या भिंतीपासून दूर, अंगणाकडे पाइप काढावा लागेल. "पर पंद्रह दिन ये जगह सूखी चाहिए."
"पंधरा दिवस त्याईची आंघोळ?" वहिनी.
रफीकने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.
रात्री जेवले नाही. भूक नव्हती असंही नाही.

२१ फेब्रु., शुक्र.
ओल रेघेच्या आत आली. काम तर सुरूही झालं नाही. वरची कड वाळून पांढरी पडली, पोपडे धरले.
संध्याकाळी नेलकटर घेऊन गेले. खोलीत वास. वहिनी ओल्या फडक्याने दादाले पुसत होती. कुशीवर वळवलं तर कमरेच्या खाली कातडी लाल, रुपयाएवढी.
"पाणी घालणं बंद केलं न मी," वहिनी म्हणाली. "वाळली का भिंत तुमची?"
टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.
नखं कापली. उजव्या पायाची कापताना त्याले कळत नव्हतं. डाव्याची कापताना पाय मागे ओढला.

२२ फेब्रु., शनि.
भिंत वरून कोरडी. हात लावून पाहिला, थंड आहे फक्त. शाळेत बाकीच्या बाया विचारत होत्या, लीकेज सापडलं का. हौ म्हटलं.

२६ फेब्रु., बुध. शिवरात्र, सुट्टी.
उपासाची भगर नेली दोघांसाठी. दादाने खाल्ली. मग वहिनीले म्हटलं, आधी म्हणायले पाहिजे होतं ते, की माझी मोरी घरातच आहे, पायरी नाही. पंधरा दिवस त्याले इकडे आणा. नंतरही आणा.
"गल्लीतून? खुर्चीवर? लोक पाहतील."
"पाहू द्या."
ती बराच वेळ भांडं पुसत होती. "तुमच्या घरी ते येतील का, बाई? त्याईनंच त भिंत…"
मी दादासमोर बसले. नऊ वर्षांनी त्याच्याशी पहिलं वाक्य. "आंघोळीले येशील का माझ्याकडे?"
"नाही."
वहिनी हसली. मग रडली. मग म्हणाली, "कसं समजावं?"
मी म्हटलं, रविवारी अकराले मी घरी आहे. रफीकले सांगून ठेवते, तो अन् त्याचा भाऊ खुर्ची उचलतील.
"पाहू," वहिनी म्हणाली.
येताना पूर्ण गल्लीभर एकच विचार, की तो खरंच नाही म्हणाला असेल तर.

२ मार्च, रवि.
सकाळी मोरी घासली. साबण नवा काढला. बसायले स्टूल ठेवलं, मग ते डुगडुगलं म्हणून जेवायच्या टेबलाची खुर्ची. गीझर साडेदहाले लावला.
अकरा वाजून दहा. रफीकचा फोन, गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, वहिनीने अजून दार उघडलं नाही. "ठोकूँ क्या?" म्हटलं, नको, थांब.
साडेअकरा. गीझर बंद केला, पाणी फार तापलं होतं. टॉवेल दोन काढून ठेवले. समोरचं दार दोन्ही फळ्या उघडं ठेवलं आहे, खुर्ची आडवी आत येईल इतकं. माशा येऊन राह्यल्या.