ताईच्या पिनांना हात लावू नये

मी, या कागदाखाली सही करणार ती, वय एकाहत्तर, धंदा पडदे शिवणे. गल्लीत सगळे मला पडदेवाली म्हणून ओळखतात. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या भावाला तो लागेलच. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणं आजवर कोणाला जमलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा हेच पहिलं आणि शेवटचं समजावं.

कलम १. घराचा खालचा मजला, म्हणजे दुकान, मागची खोली आणि स्वयंपाकघर, माझ्या पश्चात माझ्या भाचीला मिळावा. भाची म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीची, ताईची, लेक. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि बँकेत जे काही असेल तेही तिलाच. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. हे मी तिला बारा वर्षं सांगते आहे, आता कायद्याने सांगते.

कलम २. धाकट्या भावाला भिंतीवरचं घड्याळ. ते दहा मिनिटं मागे आहे आणि तोही कुठे वेळेवर पोहोचत नाही, जोडी जमेल. माझ्या फोनकडे बघून तो म्हणाला होता, "फोटो टाचून टाचून कोणाचं घर सजलंय का?" ते मी विसरलेले नाही.

कलम ३. आता त्याच फोटोंचं. माझ्या फोनवर पिनबोर्ड आहे, म्हणजे इंटरनेटवर एखादं चित्र आवडलं की टाचून ठेवायची जागा. त्यात माझे एकोणीस बोर्ड आहेत, रंगाप्रमाणे, कापडाप्रमाणे नीट लावलेले. त्यातला 'अशक्य पडदे' हा गिऱ्हाइकांनी आणलेल्या चित्रांचा. कुठल्यातरी बंगल्यातला वीस फुटी पडदा दाखवायचा आणि म्हणायचं, "अस्साच हवा, आमच्या बाथरूमच्या खिडकीला." अशी दोनशे सहा चित्रं आहेत. भाचीने सदर बोर्ड जपावा. आधी मनातल्या मनात हसून घ्यावं, मग माप घ्यावं. पासवर्डची चिठ्ठी बटणांच्या डब्यात आहे.

कलम ४. विसावा बोर्ड माझ्या एकटीचा नाही. त्याचं नाव 'आपलं स्वयंपाकघर'. खालचं स्वयंपाकघर नवीन करायचं म्हणून ताईने आणि मी अकरा वर्षांपूर्वी तो सुरू केला. मी त्यात फरशा, कपाटं, नळ असे कप्पे पाडले. कप्पा कशाशी खातात हे ताईला ठाऊकच नाही. एकच नळ सहा वेळा. मांजरं. सूर्यास्त. टायरमध्ये लावलेली झाडं! मी सांगून सांगून थकले. ती म्हणायची, "अगं, असू दे की. जागा का कमी आहे?"

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी माझं डोकं फिरलं. बोर्ड मी उघडलेला, त्यामुळे कोणाचीही पिन काढायची मुभा मला होती. तिच्या तीनशे बारा पिना मी काढून टाकल्या. त्यात एका फळीचा काळपट फोटो होता. नखाएवढं चित्र, मला फळीच दिसली. उघडून बघितलं नाही. त्या फळीपुढे आमची आई उभी होती, याच स्वयंपाकघरात, हात पुसत. कागदी फोटोवरून ताईने तो बोर्डवर चढवला होता. कागद पुढे वाळवीने खाल्ला, तिचा जुना फोन बंद पडला, दुसरी प्रत कुठेही नाही. मी त्या पिनबोर्डवाल्यांना चार वेळा लिहिलं. चारही वेळा एकच उत्तर: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." अभिप्राय कसला, डोंबल!

ताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जिन्यात गाठ पडली तर भिंतीकडे बघते. पण त्याच बोर्डवर रोज सकाळी एक पिन टाचते. मांजर, सूर्यास्त, पुन्हा तोच नळ. मला चीड येते, रोज येते. दोन हजारांवर झाल्या. मी एकही काढलेली नाही, एकही कप्प्यात हलवलेली नाही. माझ्या पश्चातही कोणी त्यांना हात लावू नये. स्वयंपाकघर अजून जुनंच आहे, कारण फरशी तिने निवडायची ठरली होती.

चूक माझी. सहा वर्षं हे तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम ५. ताईला मी काहीही ठेवत नाही. त्याचं कारण असं. सदर बोर्ड आणि आईच्या बांगड्या तिच्या नावे करायच्या होत्या. वकील म्हणाले, "बाई, ज्यांना काही मिळणार त्यांची साक्षीदार म्हणून सही नको. उद्या तुमचे भाऊ खुसपट काढतील." म्हणजे तिला काही द्यावं तर सही चालत नाही, आणि सही हवी तर काही देता येत नाही. हा कसला कायदा! दोन दिवस चरफडले आणि ठरवलं, मला तिची सही हवी. साक्षीदाराने माझ्यासमोर बसून सही करायची असते, हेही वकीलच म्हणाले. बोर्डही भाचीला, बांगड्याही. त्या पुढे कोणाच्या हातात घालायच्या ते तिला कळतं.

ताईऐवजी दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. ती आली नाही तर हा कागद कच्चा राहील, माझ्या पश्चात खालच्या मजल्यात भावालाही वाटा मिळेल, तो विकायला काढेल आणि तिच्या लेकीचं दुकान जाईल. ताई, याला धमकी म्हण हवं तर. एक प्रत भाचीबरोबर वर पाठवते आहे. जिना बावीस पायऱ्यांचा आहे आणि तुझे गुडघे दुखतात, माहीत आहे मला. मधल्या वळणावर स्टूल ठेवलं आहे.

सही: ताई समोर बसल्यावर करीन.

साक्षीदार पहिला: समोरचा चष्मेवाला. हाक मारली की येतो म्हणाला.

साक्षीदार दुसरी: माझी ताई.

स्थळ: खालच्या मजल्यावरचं आपलं स्वयंपाकघर.

तारीख: ताई खाली येईल ती.