ओळखीचा पेशंट

भाईंदर पूर्व,
१२ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप आशामावशीस,

दिव्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण युनिफॉर्ममध्ये आहे आणि फरशी आत्ताच फिनाईलने पुसली आहे.) तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि तुमची व्यायलेली म्हैस ठीक असावीत. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनची काळजी करू नये. ते आमच्याच नर्सिंग होममध्ये होणार आहे, आणि इथे चांगली शुश्रूषा कशाला म्हणायचं याचे नियम सर्वानुमते ठरले आहेत. कसे ठरले ते कळवते. मी अजून सावरलेले नाही.

आमचे डॉक्टर कुठल्याशा परिषदेला गेले आणि एक कल्पना घेऊन परतले: नर्स, आयाबाई, नातेवाईक, सगळ्यांचं चांगल्या सेवेचं माप एकच हवं. बैठक वॉर्डातच, खाटांच्या मधोमध भरली. (दुसरी खोली आहे, पण तिच्यात डॉक्टरांची स्कूटर असते.) मी पहिला नियम सुचवला, प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी हात धुवावेत. मला वाटलं, यावर बोलण्यासारखं काही नाही. आमच्या जुन्या आयाबाई मंदाताई उठल्या. "म्हणजे माझे हात घाण? वीस वर्षं मी इथे काय करतेय? घरच्या माणसाला आपण हात धुऊन शिवतो का?" नातेवाइकांना हे फार पटलं. डॉक्टरांनी मध्यम मार्ग काढला आणि नियम असा लिहिला गेला: पेशंट ओळखीचा नसल्यास हात धुवावेत.

मी खाली बसले.

दुसरा विषय रखमाबाईंचा. खारी गावातल्या या आजींच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवते. त्यांचा मुलगा काळूराम म्हणाला, "आयेला झोपू द्याल का न्हाय? भाकर हाय काय ती, सारखी परतायला?" टाळ्या पडल्या. नियम: मुलाची हरकत नसल्यास वळवावे. मग शेजारच्या खाटेवरच्या काकांचा मुलगा केतनभाई उठला. "बाजूवाल्याला बाटली लावली, मग माझ्या पप्पांना का नाय? आम्ही काय फुकटात आलोय?" त्याच्या पप्पांना हार्निया आहे आणि ते तेव्हा ढोकळा खात होते. नियम: सलाइनच्या बाबतीत भेदभाव करू नये.

शेवटी डॉक्टरांनी रखमाबाईंनाच विचारलं. मला आशा होती. त्या म्हणाल्या, "पोरीचा हात चांगला हाय. पन तिचा तोंड बघून वाटतं, मी कवाच मेलेय." त्यामुळे कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: नर्सने हसतमुख असावे. मी तिथल्या तिथे हसून दाखवलं. केतनभाई घाबरून म्हणाला, "सिस्टर, रिपोर्ट खराब आला काय?"

दोन दिवस काळूरामची हरकत होती. तिसऱ्या दिवशी तो चहाला गेला असताना मी रखमाबाईंना वळवलं. पाठीवर लाल चट्टा उमटलेला. काळूराम परत येऊन माझ्यामागे कधी उभा राहिला, कळलं नाही. चट्ट्याकडे वाकून हळूच म्हणाला, "करपाया लागली का, सिस्टर?" मी हो म्हणाले. (हसले नाही.) तेव्हापासून तो स्वतःच आईला वळवतो, वेळ झाली नसली तरी, तोंडात घास असला तरी. आता रखमाबाईंची हरकत आहे, पण त्यांच्या हरकतीचा नियम नाही. चट्टा मात्र फिका पडतो आहे.

तर इकडे सर्व व्यवस्थित आहे. तू येण्याची तसदी घेऊ नकोस, पेशंटजवळ गर्दी नको असते. काकांना नमस्कार.

तुझी,
दिव्या

ता.क. नियमांचा कागद लॅमिनेट झाला आहे, त्यामुळे आता दुरुस्ती होणार नाही.

ता.ता.क. तू ये. आईला तूच घेऊन ये आणि पंधरा दिवस तिच्या उशाशी बस. ती माझी आई आहे हे कुणालाही कळता कामा नये. कळलं तर ती ओळखीची होईल, आणि मंदाताई तिला सगळ्यांच्या आधी, अगदी मायेने हात लावतील. तुम्ही दोघींनी मला "सिस्टर" म्हणावं. तुला जमेल. आईला जमणार नाही, ती दारातूनच "दिवे, किती वाळलीस!" म्हणून ओरडेल. म्हणून साबणाच्या चार वड्या आण.