हँडल सहा बोटं वर

मंगळवार, ता. १९ नोव्हेंबर १९४६

हँडल सहा बोटं वर घेतलं! आता वाकावं लागत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी हट्टा गावाच्या वाटेवर मला मारलं, त्याला आज तेवीस दिवस. एकच इसम, तोंडाला फडकं बांधलेलं. पाठीत तीन काठ्या. वैद्यबुवा म्हणाले, चालणं थोडं, वाकणं मुळीच नाही. बैलगाडीत बसलो तर चाकाचा प्रत्येक धक्का बरगडीत येतो. राहिली सायकल — सिकंदराबादच्या लष्करी लिलावातली, घडीची. मधले दोन मोठे नट हाताने सैल केले की चाकावर चाक येऊन बसतं. रेल्वेचा गार्ड डब्यात घेऊ देतो. ज्वारीच्या शेतात दुमडून ठेवली तर कुणाला दिसत नाही. बातमीदाराला आणखी काय हवं? पण हँडल फार खाली. तरण्याताठ्या शिपायांचं माप ते, पन्नाशीच्या मोडक्या पाठीचं नव्हे.

काम किसनसिंगने केलं. तांड्यावरचा माणूस. लढाईत लष्कराच्या कारखान्यात होता, आता कुरुंद्याच्या बाजाराच्या वाटेवर निंबाखाली दुकान मांडलं आहे. लोखंडी खाटेचा पाय कापून त्याचा लांब दांडा केला आणि हँडलखाली बसवला. "चार बोटं तरी नळीच्या आत राहू द्या, साब. न्हाईतर उतारावर हँडल हातात यील." माझी सायकल बघून हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला ठेवलं त्याने.

हल्ला कोणी करवला ते मी जाणतो. हट्ट्याचा मोठा जमीनदार, व्यंकटराव. सरकारी लेव्हीत, सक्तीच्या धान्यवसुलीत, लहान शेतकऱ्यांची ज्वारी गेली आणि याची धान्याची पेवं गळ्यापर्यंत भरलेलीच, असं मी लिहिलं. छापून आलं, आठव्या दिवशी काठ्या.

मी त्याला सोडणार नाही. बावीस वर्षं बातम्या लिहितो आहे, असं वाक्य कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. लिहून बरं वाटलं.

गुरुवार, ता. २१

सायकल लटपटते. पाठ ताठ राहते, पण माझं सगळं वजन मागच्या चाकावर गेलं. पुढचं चाक हलकं झालं आहे. हँडलला बोट लागलं तरी वळतं! चढावर तर वर उठूच पाहतं.

शालूबाई दारातून बघत होती. म्हणाली, "पाठ मोडून झाली. आता मान तेवढी राहिली." बायको असावी तर अशी.

शनिवार, ता. २३

हल्ल्याची बातमी पाठवली होती, त्यावर संपादकांचं पत्र. हल्ल्यामागे व्यंकटराव हे कशावरून? साक्षीदाराशिवाय नाव छापता येणार नाही.

बरोबर आहे. त्यांच्या जागी मी हेच लिहिलं असतं. म्हणून तर अधिक चीड!

मंगळवार, ता. २६

हट्ट्याला गेलो, साक्षीदार शोधायला. सात घरं फिरलो. "आमी काय पाह्यलं न्हाई." "आमी त्या दिवशी गावात नव्हतो." एका म्हातारीने पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

परत निघालो तर ओढ्याच्या उतारावर हँडल थरथरायला लागलं. आवरायला जावं तेवढं जास्त. दोन्ही हातांनी घट्ट धरलं, त्यानेच घात झाला — आडवा झालो तो थेट हळदीच्या वाफ्यात. आणि समोरून छकडा. आत कोण? व्यंकटराव!

उतरला नाही. बैल थांबवले आणि निवांत पान लावलं.

"तातेराव, लेखणी म्हणं सरळ चालती तुमची. सायकल काहून वाकडी?"

गाडीवान हसला. मी उठलो, हळदीचा पाला झटकला. सायकल उभी केली. आत्ता पाच उत्तरं सुचताहेत! एकही उपयोगाचं नाही. त्याला उत्तर छापूनच मिळेल. त्याचं नाव मोठ्या टायपात बघायचं आहे मला. त्याच्या जावयांच्या गावात, सोयऱ्यांच्या ओसरीवर मोठ्याने वाचलं जाताना.

बुधवार, ता. २७

बातम्यांचं टपाल वसमत स्टेशनवर पोचवलं, गाडीआधी पाव तास. एकही बुधवार चुकला नाही. व्यंकटरावाने हेही ध्यानात ठेवावं.

शुक्रवार, ता. २९

किसनसिंगने दांडा दोन बोटं खाली घेतला आणि वरून पुढे वाकवला. "हात पुढं गेले की थोडं वजन पुढच्या चाकावर यील. कागदाची पिशवी बी मागं नगा बांधू. हँडलला अडकवा." तसं केलं. थरथर गेली! वळताना हँडल थोडं जड लागतं, पण आपण सांगू तेव्हाच वळतं. सहा बोटांचा हट्ट माझा होता, चारच पुरी होती.

आता एकच खोड उरली. सायकल डावीकडे ओढते.

मंगळवार, ता. ३ डिसेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी किसनसिंगकडे गेलो. म्हटलं, डावीकडे ओढते, चाक बघ. त्याने चाक फिरवलं, सरळ होतं. स्वतः बसून बाजारापर्यंत जाऊन आला. सरळ. मग म्हणाला, "सायकल न्हाई वढत साब. तुमचा हात वढतो. डाव्या अंगाला दुखलं की हात आखडून राहिला, हँडल त्याच्यामागं येतं." हँडलची डावी मूठ तापवून दोन बोटं मागे वाकवली. बसलो. ना हात आखडला, ना सायकल ओढली. बाणासारखी!

खूश होऊन उतरलो आणि विचारलं, "डाव्या अंगाचं तुला कोणी सांगितलं?"

वैद्य आणि शालूबाई सोडून कुणाला ठाऊक नाही. बाहेर मी नुसतं 'पाठ' म्हणतो.

त्याने पाना खाली ठेवला. मग —

"मीच मारलं न्हाई का."

मी उभाच राहिलो. तो खाली बघून बोलत होता. तांड्याची अकरा जनावरं व्यंकटरावाने कोंडवाड्यात घातली होती. चारा नाही, पाणी नाही. एक गाय कोंडवाड्यातच मेली. मग निरोप आला — त्या लिहिणाऱ्याला दोन काठ्या घाल, जनावरं सोडतो.

"दोन सांगितल्या होत्या, साब. मी तीन मारल्या. तिसरी काहून मारली, मला बी ठावं न्हाई."

मी सायकलवर बसलो आणि घरी आलो. वाटेत एकदाही डावीकडे गेली नाही.

बुधवार, ता. ४

टपाल पाठवलं. पावसापाण्याच्या चार ओळी. दुसरं काही सुचेना.

दोन आठवडे ज्याच्या हातात माझ्या सायकलीचं हँडल दिलं, तोच! आणि मी त्याला शाबास म्हणत होतो.

शनिवार, ता. ७

तीन दिवस विचार केला. विचार कसला, राग उकळत ठेवला. मग ध्यानात आलं — साक्षीदार मिळाला!

शालूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. "त्याचं नाव छापलं तर पोलीस तांड्यावर जातील. एकाला न्हाई धरत ते, सगळ्यांना झोडपतात. लेकरं हायत तिथं."

"जाऊ देत."

"तुमी असं कधी बोलत नव्हता."

नव्हतो. मला दोघंही हवे आहेत. एकाने काठी दिली, एकाने चालवली. तिसरी तर त्याने आपल्या मनाने मारली.

तसाच किसनसिंगकडे गेलो. वाटलं होतं पाया पडेल, रडेल. मनातून तेच बघायचं होतं. तो चाकाच्या तारा कसत होता. ऐकून घेतलं. म्हणाला, "टाका नाव. पण त्याचं बी टाका, बराबर. माझं एकट्याचं नगा टाकू, साब. एवढीच गोष्ट."

म्हटलं, दोन्ही नावं एका वाक्यात येतील. एक काढलं तर वाक्य पडेल, असं लिहीन.

मंगळवार, ता. १०

मजकूर पूर्ण. पाऊण पान. एक विशेषण नाही, एक शिवी नाही. बावीस वर्षांत याहून चांगलं मी लिहिलेलं नाही. वाक्य असं — "हट्टा येथील व्यंकटराव यांच्या सांगण्यावरून किसनसिंग धर्मसिंग याने काठीने तीन प्रहार केले, असे किसनसिंग स्वतः सांगतो."

त्याला वाचता येत नाही, म्हणून निंबाखाली बसून वाचून दाखवलं. मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाला, "एक चूक हाय. बापाचं नाव धर्मसिंग न्हाई. धर्मसिंग चुलता. बाप भावसिंग." मी खोडून दुरुस्त केलं. कागदाखाली त्याने अंगठा दिला, मग तेलाचे हात धोतराला पुसले. "आता कोणी बी वाचलं तरी बराबर हाय."

व्यंकटरावाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आहे. पान लावताना थांबलेला हात.

बुधवार, ता. ११

गाडीआधी अर्धा तास पोचलो. हा लखोटा गार्डाच्या हातात स्वतः दिला. येताना ओढ्याच्या उतारावर एक हात सोडून पाहिला. सायकल हलली नाही. मोठ्याने हसलो. रस्त्यावरच्या बाया बघायला लागल्या.

आता अंकाची वाट.

गुरुवार, ता. १९

अंक आला. किसनसिंगला कुणीतरी सांगितलं वाटतं. सकाळपासून ओसरीवर बसला आहे — "वाचून दाखवा, साब."

वाक्य पडलेलं नाही. संपादकांनी नीट सांधलं आहे. "एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या सांगण्यावरून" असं आहे. व्यंकटराव कुठेच नाही.

किसनसिंग भावसिंग आहे. बिनचूक.