तुम्ही आधीच जाहीर केलेली सी.ए.

बाबा, आज सकाळी आपल्या किला गेटच्या घराला पाटी लागली. खालच्या खोलीत, जिथं तुमची स्कूटर उभी असायची, तिथं आता माझं ऑफिस आहे. पाटी तुम्हाला आवडली नसती. आमच्या व्यवसायात पाटीनं फार चमकू नये असा दंडक आहे, त्यामुळे माझं नाव आणि त्याखाली चार्टर्ड अकाउंटंट, बस. आई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिनं तिथून ती मोठ्यानं वाचली, म्हणजे डेअरीवर दूध घ्यायला आलेल्यांनाही कळावं. परत येऊन म्हणाली, "चांगली आहे, पण अक्षरं बारीक आहेत. हे असते तर गच्चीपासून खालपर्यंत लिहवून घेतलं असतं." मी हसले, कारण ते अगदी खरं आहे. तुम्ही असता तर मला आधी पेंटरला घराबाहेर काढावं लागलं असतं आणि मग तुमची समजूत घालावी लागली असती. तुम्ही नाही, म्हणून निदान लिहून तरी तुम्हाला सगळं सांगावं असं वाटलं.

मी बी.कॉम.ला नाव घातलं तो दिवस आठवतो? आई पोळ्या लाटत होती, मी भाजत होते, आणि तुम्ही शाळेतून येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होतात, गळ्यात शिट्टी तशीच. पी.टी.चे मास्तर घरात आले तरी शिट्टी काढत नाहीत, असा आपल्याकडे नियमच होता. तुम्हाला मला पोलिसात घालायचं होतं. माझी उंची चांगली, धावायचे चांगली, आणि दख्खनमधून फौजेबरोबर इथं उत्तरेत आलेल्या घराण्यात एखादी वर्दी असायलाच हवी असं तुमचं म्हणणं. "मुनीमगिरीच करायची आहे तर कॉलेज कशाला पाहिजे?" तुम्ही म्हणालात. "आपल्या घराण्यात कुणी मुनीमगिरी केली नाही. मुनीम आपल्या दारात पगार घेऊन यायचा, समझली?" मी म्हटलं, "आणि तो आला नाही तर फौज उपाशी झोपायची ना, बाबा?" आईचं लाटणं थांबलं. ती हसू दाबते आहे हे तुम्हालाही दिसलं, म्हणून तुम्ही जास्तच भडकलात. "खूप बोलून राहिलीस आजकाल," असं म्हणून तुम्ही न जेवताच बाहेर गेलात आणि नाक्यावर कचोरी खाऊन आलात. शर्टावर चटणी सांडली होती.

तुमच्या त्या 'मुनीमगिरी' शब्दाचा मला फार राग यायचा. मला तुमच्याकडून दुसरं काही नको होतं, माझ्या कामाला तुम्ही एकदा मानाचं काम म्हणावं, एवढंच हवं होतं. डोकं लावून बी.कॉम. केलं. पदवीला चांगले गुण असले की सी.ए.ची पहिली परीक्षा माफ होते आणि थेट इंटरमीडिएटला बसता येतं. बारावीनंतर लगेच त्या वाटेला लागलेली मुलं आम्हाला 'डायरेक्ट एंट्रीवाले' म्हणून जरा खालच्या नजरेनं बघतात. बघोत. मी काही तीन वर्षं कॉलेजात झोपा काढल्या नव्हत्या.

मग दाना ओलीत, बाजाराच्या त्या गल्लीत, सरांच्या ऑफिसात आर्टिकलशिप सुरू झाली. म्हणजे तीन वर्षं एका सी.ए.च्या हाताखाली काम शिकायचं आणि त्यातच परीक्षा द्यायच्या. तो जिना इतका अरुंद की उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणजे पुन्हा वर जावं लागायचं. सरांनी पहिल्या दिवशी काम सांगायच्या आधी एकच ताकीद दिली. "देखो बेटा, जब तक मेंबरशिप न आ जाए, नाम के आगे सी.ए. मत लगाना. न कार्ड पर, न शादी के कार्ड पर." मेंबरशिप म्हणजे फायनलनंतर सी.ए.च्या संस्थेत रीतसर नाव नोंदलं जाणं. ही ताकीद पुढे आपल्या घरात केवढा गोंधळ घालणार आहे, याची सरांना काय कल्पना.

सराफा बाजारातला तो दिवस मात्र मी कधीच विसरणार नाही. एका मोठ्या पेढीवर मालाची तपासणी आहे, मी चपला बाहेर काढून गादीवर बसले आहे, समोर दागिन्यांचे ट्रे. मी डबा विसरले म्हणून आईनं तुम्हाला पाठवलंय आणि तुम्ही दारात डबा घेऊन उभे आहात, पण मला ते ठाऊक नाही. मी शेठजींना विचारते, बांगड्यांचा हा एक ट्रे कमी का आहे. ते म्हणतात, "पॉलिश के लिए कारीगर के पास गया है." मी म्हणते, "ठीक है, तो उसकी रसीद दिखा दीजिए." शेठजी खिसे चाचपतात, मुलाला हाक मारतात, मुलगा आत पळतो. ज्या शेठजींना बाड्याच्या चौकात बघितलं की तुम्ही स्कूटर हळू करून नमस्कार करायचात, ते घाम पुसत मला सांगतात, "बस दो मिनट, मैडम." पावती सापडते, सगळं बरोबर निघतं, मी खूण करून पुढच्या ट्रेकडे वळते आणि तेव्हा कुठे तुम्ही दिसता. डबा दोन्ही हातांनी धरलेला, देवापुढे प्रसाद धरतात तसा.

संध्याकाळी आपण जेवायला बसलो. मग आईला म्हणालात, "मुनीम लिहितो. ही विचारते. आणि समोरच्याला जवाब द्यावा लागतो." भाताचा घास घेऊन पुन्हा म्हणालात, "अलग गोष्ट आहे ही." बाबा, मला हवं होतं ते सगळं तुम्ही भात खाता खाता देऊन टाकलंत.

पण तुमचं कसं, एकदा मन फिरलं की मधे थांबायला जागाच नाही. मी इंटरमीडिएट पास झाले आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात की पोरगी सी.ए. झाली. मी समजावलं, आईनं समजावलं, अजून आर्टिकलशिप आहे, फायनल आहे. तुम्ही म्हणालात, "पास झाली ना? मग झाली. बाकी सगळी फॉर्मेलिटी." त्या वर्षी समाजाच्या गणपतीत गुणवंत मुलांचा सत्कार होता. तुम्ही सेक्रेटरी काकांना माझं नाव परस्पर दिलंत, आणि भरल्या हॉलमध्ये माइकवरून पुकारा झाला, "आता सत्कार, आपल्या समाजाची कन्या, सी.ए...." पुढे माझं नाव. तुम्ही पहिल्या रांगेत, अंगात तो ठेवणीतला कोट, एवढ्या उकाड्यात. मी वर गेले, शाल घेतली नाही, काकांच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "एक दुरुस्ती आहे. मी अजून सी.ए. झालेली नाही. इंटर पास झाले आहे. फायनल बाकी आहे." कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी हसलं. मी खाली बघितलं तर तुमची खुर्ची रिकामी होती.

घरी तुम्ही ओरडला नाहीत, तेच वाईट होतं. दारातच म्हणालात, "चार लोकांत बापाला खोटं पाडलंस." मी म्हटलं, "बाबा, ऑडिट करणाऱ्या मुलीनं स्वतःबद्दलच खोटं चालू दिलं, तर उद्या माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवेल?" तुम्ही वर निघून गेलात. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, मी केलं ते बरोबर केलं. पण बरोबर असल्यामुळे घरातली शांतता काही कमी बोचत नाही. पुढे बरेच दिवस तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोलत होतात. समोरासमोर बसून, "तिला सांग, पंखा बंद कर." आणि मग एका रविवारी मी सरांकडून आले तर वरच्या खोलीतला तुमचा व्यायामाचा कोपरा रिकामा. मुद्गल जिन्यावर, डंबेल्स पलंगाखाली, आणि त्या जागी टेबल, खुर्ची, दिवा. तुम्ही एवढंच म्हणालात, "फायनलला जागा लागेल." त्या मुद्गलांना ठेच लागून आपण सगळे पुढे कित्येक दिवस कळवळत होतो, पण ती परत वर न्या असं कुणीच म्हटलं नाही.

फायनल बघायला तुम्ही थांबला नाहीत. शाळेच्या मैदानावर, मुलांना रांगेत उभं करता करता गेलात. त्यानंतरची पहिली फायनल मी कशी दिली ते मला आठवत नाही. नापास झाले, ते ठीकच होतं. दुसऱ्या वेळी मात्र मी जीव तोडून अभ्यास केला होता, आणि निकाल काय, तर प्रत्येक पेपरात पास, पण एकूण बेरीज पन्नास टक्के लागते, तिथं नापास. असला नियम कुणी काढला त्याला एकदा भेटायचं आहे. मी ठरवलं, पुरे. टाइल्सच्या एका शोरूमला अकाउंट्स सांभाळायला माणूस हवं होतं, बी.कॉम. चाललं असतं. मी हो म्हणून आले. आई म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर," आणि पदराला हात पुसत आत गेली.

शोरूमवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, आपल्या चौकात, तुम्ही जिथून शाळेसाठी चेंडू आणि शिट्ट्या घ्यायचात त्या दुकानाच्या अंकलनी मला हाक मारली. "बेटी, फाइनल हो गया?" मी म्हटलं, "नहीं अंकल, रह गया." ते म्हणाले, "कोई बात नहीं. हमें पता है, टाइम लगेगा. मास्टर साहब बता गए थे." मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या गणपतीनंतर तुम्ही त्यांच्या दुकानात आला होतात. सामान घ्यायला नाही. उभ्याउभ्याच म्हणालात की आपण त्यांना चुकीचं सांगितलं होतं, मुलगी अजून सी.ए. झालेली नाही. "और फिर बोले, पर बनेगी. ये मेरी ज़बान है." मग मी टेलरकडे गेले, डेअरीवर गेले, पिठाच्या चक्कीवर गेले. सगळीकडे तेच. तुम्ही एकेका दाराशी जाऊन, मान ताठ ठेवून, आपली चूक दुरुस्त करून आला होतात, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या वतीनं शब्द देऊन आला होतात. चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून जो माणूस जेवणावरून उठून जायचा, त्या माणसानं हे केलं. आणि माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही. मी चक्कीसमोर उभी राहून रडले, पीठवाली ताई घाबरून पाणी घेऊन आली.

शोरूमला फोन करून नाही म्हटलं आणि पुन्हा फॉर्म भरला. निकाल लागला तेव्हा कडाक्याची थंडी होती. सरांच्या ऑफिसात सगळे माझ्या मागे उभे, स्क्रीन मात्र मी एकटीच बघतेय असं मला वाटत होतं. दोन्ही ग्रुप, म्हणजे सगळे पेपर, पास. बाबा, मी किंचाळले नाही, टेबलावर एक जोरदार थाप मारली, सरांचा चहा सांडला. कधी खिशात हात न घालणाऱ्या सरांनी सगळ्या जिन्यासाठी गजक, थंडीतली ती तिळाची मिठाई, मागवली, वरच्या वकिलांपासून खालच्या शिंप्यापर्यंत. मला म्हणाले, "अब लगाओ नाम के आगे." मी म्हटलं, "मेंबरशिप आने दीजिए, सर." ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. आणि पुढच्या गणपतीत सेक्रेटरी काकांनी माइक हातात धरूनच मला विचारलं, "ह्या वेळी नक्की ना बेटा?" सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "ह्या वेळी लिहून आणलंय." मग जी टाळी पडली, बाबा, ती तुम्ही ऐकायला हवी होती. मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोत दात दाखवले. आता मी सही करते आणि बँका, शेठ, सरकार, सगळे ती मानतात. परवा एका कंपनीचे साहेब माझ्या एका प्रश्नावर घाम पुसत होते. मला मजा आली, तुमच्यापासून काय लपवायचं.

एक गोष्ट मात्र मी आईलाही सांगितलेली नाही. कुणी विचारलं, कधीपासून सी.ए. आहात, की मी मेंबरशिपची तारीख सांगते. दुसरी तारीख माझ्या हातून कुठल्याही कागदावर जाणार नाही. पण मनात मी ती त्या गणपतीपासूनच धरते, तुम्ही माझं नाव देऊन आलात तेव्हापासून. ही तारीख चूक आहे, तिच्याखाली मला सही करता येत नाही, म्हणून हे पत्रही बिनसहीचं टेबलाच्या खणात राहील. त्या संध्याकाळी तुम्हाला खोडून काढायला मी उठले होते, बाबा. पण माझ्या नावाआधी ऐकलेली ती दोन अक्षरं कानात होती, आणि खुर्चीपासून स्टेजपर्यंत मी मुद्दाम हळू चालले.